भाड्याच्या घरातून खाण्याचा जोडधंदा: नोंदणी सोपी, जागेचा कागद अवघड

मुंबईत नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी पुरणपोळी, अळूवडी, मोदक अशा ऑर्डर घ्यायचं ठरलं, की लोक आधी डबे, वजनकाटा आणि मोठं पातेलं घेऊन येतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की यातलं काहीही घेण्याआधी जागेचा कागद हातात येऊ द्या. २०२१ मध्ये अन्न नोंदणीचं सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये होतं आणि फॉर्म एका बैठकीत भरून झाला. बाकी सगळी दमछाक झाली ती 'घर तुमचं नाही, मग तिथून धंदा कसा करणार?' या एका प्रश्नापायी. भाड्याने राहणाऱ्याची या शहरात इतकी अडवणूक व्हावी, याचा राग अजून गेलेला नाही.

नोंदणीचं आधी उरकते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. त्यातल्या कलम ३१ प्रमाणे खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला परवाना किंवा नोंदणी लागते, घरून विकणाऱ्यालाही. मी अर्ज केला तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरत होती, त्यापुढे राज्याचा परवाना. घरगुती प्रमाणावर १२ लाख ही मर्यादा ओलांडणं कठीण, त्यामुळे 'फॉर्म ए' हाच आपला फॉर्म. २०२० मध्ये एफएलआरएस या जुन्या सरकारी पोर्टलच्या जागी फॉसकॉस हे नवं पोर्टल आलं, अर्ज त्यावरच होतो. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे ना, हे बघूनच पुढे जा. तसंच दिसणारी एजंटांची संकेतस्थळं शोधात वरती येतात आणि १०० रुपयांच्या कामाचे दोन-तीन हजार घेतात. त्यांच्याकडे जायची काही गरज नाही.

फॉर्ममध्ये विचार करून भरायचा रकाना एकच, व्यवसायाचा प्रकार. डबा किंवा ताजं करून त्याच दिवशी द्यायचं असेल तर 'घरगुती कँटीन, डबेवाले' या अर्थाचा पर्याय घ्यायचा. लाडू, चटण्या, पिठं असं टिकाऊ काही पाकिटात भरून विकणार असाल तर ते उत्पादनात मोडतं, प्रकार बदलतो आणि लेबलचे नियम मागे लागतात. दोन्ही करणार असाल तर दोन्ही प्रकार पहिल्याच अर्जात घ्या. फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढी कागदपत्रं जोडायची. या तिसऱ्या कागदापाशी सगळं थांबतं.

आधार कार्डावर बहुतेकांचा गावाकडचा पत्ता असतो. विजेचं बिल घरमालकाच्या नावावर, गॅसची पावती कधी मालकाच्या तर कधी आधीच्या भाडेकरूच्या. आपल्या नावाचा आणि याच घराचा असा कागद एकच उरतो, लिव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नुसता स्टँप पेपरवर सही केलेला, न नोंदवलेला करार असेल तर आधी तो सुधारून घ्या, त्यावर पुढचं काही उभं राहत नाही.

आता तो करार काढा आणि वापराचं कलम वाचा. जवळजवळ प्रत्येक छापील मसुद्यात 'सदर जागा केवळ निवासी वापरासाठी' असं वाक्य असतंच. म्हणजे जो कागद पत्ता सिद्ध करतो, तोच धंद्याला मनाईही करतो. असा करार तसाच जोडला तर हाती नोंदणी आली तरी मालक उद्या करारभंग म्हणून घर रिकामं करायला सांगू शकतो. म्हणून मालकाचं संमतिपत्र हवं.

मालक म्हणाला, सोसायटीची हरकत नसेल तर मी देतो. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, सदस्य तुम्ही नाही, मालक आहे, त्याचं पत्र आणा, मग बघू. हे चक्र असं पक्कं बसतं की कोणी 'नाही' म्हणत नाही आणि कोणी 'हो'ही म्हणत नाही. दोघंही आपापल्या जागी रीतसर वागत असतात, आणि तुमची ऑर्डर देणारी माणसं तोवर दुसरीकडे वळतात. तोंडी 'बघू' म्हणजे उत्तर नव्हे, आणि त्यावर विसंबून वाट बघत बसणं हेच सगळ्यात महागात पडतं.

हे चक्र तुटतं ते मालकाच्या बाजूने, आणि त्याला सोसायटीच्या निर्णयाची जबाबदारी घ्यावी न लागता. संमतिपत्राचा मसुदा आपणच तयार करून न्यायचा. त्यात चार गोष्टी हव्यात: कराराचा नोंदणी क्रमांक आणि तारीख, घराचा पूर्ण पत्ता, करारात आहे अगदी तसा, भाडेकरूने स्वतःच्या स्वयंपाकघरात, बाहेरचा कामगार न ठेवता, खाद्यपदार्थ बनवण्यास हरकत नाही हे वाक्य, आणि 'सोसायटीच्या नियमांस अधीन राहून' हे शब्द. या शेवटच्या शब्दांमुळे मालक सही करतो. सोसायटी उद्या नाही म्हणाली तर तो अडकत नाही, आणि सोसायटीला हवं असलेलं मालकाचं पत्र तुमच्या हातात येतं. शिवाय मालकाची खरी भीती विचारून घ्या. बहुतेक वेळा ती वास, गॅस यांची नसतेच, भाडेकरू जागेवर हक्क सांगेल याची असते. 'या संमतीमुळे जागेवर कोणताही हक्क निर्माण होत नाही' हे एक वाक्य घातलं की ती निम्म्याहून कमी होते.

सोसायटीकडे जाताना 'व्यवसायाची परवानगी मिळावी' असा अर्ज करू नका. 'व्यवसाय' शब्द दिसला की कमिटीला दुकान, पाटी, लिफ्टमध्ये उभे राहणारे अनोळखी लोक आणि व्यावसायिक दराचा मेंटेनन्स दिसतो. अर्जात काय करणार नाही ते लिहा. पाटी लावणार नाही. ग्राहक किंवा पार्सल नेणारे वर येणार नाहीत, डबा मी स्वतः गेटवर देईन. काम शनिवार-रविवार सकाळी ठरावीक वेळेतच. ओला कचरा वेगळा आणि बंद डब्यात, गाडी यायच्या वेळीच खाली. तेल मोरीत ओतलं जाणार नाही. आणि जादा सिलिंडर घरात येणार नाही.

सिलिंडरचा मुद्दा मनापासून लिहा, कारण कमिटीची ही हरकत रास्त आहे. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरायची परवानगी नाही. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक येतो, आणि तो रहिवासी इमारतीच्या वरच्या मजल्यावर आणायला कुठलीच कमिटी राजी होणार नाही. माझा मार्ग इंडक्शनचा. २००० वॅटची शेगडी साधारण पावणेनऊ अँपिअर ओढते, म्हणजे ६ अँपिअरच्या प्लगवर ती चालवायची नाही, १६ अँपिअरचाच प्लग हवा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, तो तापतो आणि वितळतो. पुरण शिजवणं, मोदक उकडणं, पोळी भाजणं हे सगळं इंडक्शनवर होतं, फक्त तवा जाड आणि बुडाला सपाट हवा, नाहीतर पोळी मध्ये करपते आणि कडेला कच्ची राहते.

अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर सोसायटीचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. ही पोच नसेल तर पुढच्या महिन्यात 'तुमचा अर्ज आलाच नाही' हे ऐकावं लागतं. कमिटीची सभा महिन्यातून एकदा होते, तिच्या आधी अर्ज पोहोचला नाही तर अख्खा महिना जातो, म्हणून सभेची तारीख वॉचमनपासून कोणालाही विचारून काढा. विषयपत्रिकेत आपला विषय आहे का ते सेक्रेटरींना विचारा, सभेत जाऊन बसायची मुभा मागा. आणि उत्तर लेखी घ्या. मला शेवटी चार ओळींचं, अटी घातलेलं पत्र मिळालं, आणि त्या चार ओळींचा आनंद पहिल्या ऑर्डरच्या पैशांपेक्षा मोठा होता.

पोर्टल सोसायटीचं पत्र सक्तीने मागत नाही, हे खरं आहे. म्हणून अनेक जण ते न घेताच नोंदणी करतात. मी तसं करू नका म्हणेन. कोणा शेजाऱ्याची तक्रार गेली की तुमच्या बाजूने दाखवायला कागद लागतो, आणि तो त्या दिवशी तयार होत नाही.

पत्ता टाइप करताना एक काळजी घ्या. करार, संमतिपत्र आणि फॉर्म या तिन्हींवर फ्लॅट नंबर, विंग, इमारतीचं नाव आणि पिन कोड अक्षरशः सारखे हवेत. एकीकडे 'बी-४०२' आणि दुसरीकडे '४०२, बी विंग' असेल तर शंका लागून अर्ज परत येऊ शकतो. नावाचंही तेच. ओळखपत्रावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर फॉर्मवरही तसंच लिहा.

अर्ज गेल्यावर नियमाप्रमाणे ७ दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची असते. तपासणीला कोणी आलंच तर ते बघतात पाण्याची सोय, झाकलेला कचऱ्याचा डबा, जाळीची खिडकी, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवलेलं आहे का, आणि जमिनीवर काही मांडलंय का. सोसायटीने पाण्याची टाकी कधी धुतली त्याची पावती मागून फाइलला लावा. स्वयंपाक करणाऱ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र वर्षातून एकदा करून घ्या.

मग १४ अंकी क्रमांक येतो. नोंदणीचा क्रमांक २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने; पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे १५. कोणी तुम्हाला 'आमचाच नंबर वापरा' म्हणून देऊ केला तर घेऊ नका, तो त्या जागेचा असतो. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर हा क्रमांक छापणं बंधनकारक आहे. आपण बिल व्हॉट्सअॅपवर पाठवतो, तिथेही तो लिहा.

हिशोबाचं थोडक्यात. एक किलो हरभरा डाळीला जवळपास तेवढाच गूळ धरला तर आटून पावणेतीन किलोच्या आसपास पुरण होतं, आणि ८० ग्रॅमचा गोळा घेतला तर पस्तिसेक पोळ्या. दर ठरवताना डाळ-गुळाच्या भावावरून ठरवू नका. वीज, तूप, बटर पेपर, डबा, फाटलेल्या पोळ्या आणि स्वतःचे तास हे सगळं एका सकाळच्या पोळ्यांनी भागा. बहुतेक घरगुती दर इथेच चुकतात, कारण स्वतःचे तास कोणी धरतच नाही. पोळी पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. वाफ आत अडकली की पुरण आंबतं आणि दुसऱ्या दिवशी तक्रार येते.

नोकरी आहे त्यांनी नेमणूकपत्र वाचावं. दुसरं अर्थार्जन करायला लेखी परवानगी लागेल असं कलम अनेक ठिकाणी असतं. आणि पगाराबरोबर असं उत्पन्न आलं की आयकराचा नेहमीचा फॉर्म, आयटीआर १, चालत नाही. छोट्या धंद्यांसाठीच्या अंदाजित नफ्याच्या तरतुदीखाली उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवून आयटीआर ४ भरता येतो. म्हणून ऑर्डरचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या, मार्चमध्ये पगारातून ते वेचत बसायला लागत नाही.

करार नवा करायची वेळ आली की आधी दोन गोष्टी मागा. वापराच्या कलमात 'केवळ निवासी' याच्या पुढे स्वतःपुरत्या घरगुती खाद्यपदार्थांच्या कामाची मुभा लिहून घ्या, म्हणजे वेगळं संमतिपत्र पुन्हा लागणार नाही. आणि ११ महिन्यांऐवजी २२ किंवा ३३ महिन्यांचा करार मागा. नोंदणी जागेला असते, घर बदललं की नवीन पत्त्यावर पुन्हा अर्ज. मी नोंदणी केली तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी जावा लागायचा, त्यामुळे कराराची शेवटची तारीख त्याच्या पुढे असेल असं बघूनच सही करावी लागायची.