गोदीच्या भिंतीपलीकडे

रविवार, रात्री

आज मरीन ड्राइव्हकडे मुद्दाम फिरकलो नाही. पाहुणे आले की त्यांना न्यायचं ते तिकडेच, आता जोडीला कोस्टल रोड. पण मुंबईच्या पूर्वेलाही समुद्र आहे, हे हार्बर लाइनने जा-ये करताना मला बहुतेक वासावरूनच कळत आलंय. डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. खाडी हाकेच्या अंतरावर, पण मधे गोदीची भिंत, गोदामं आणि ट्रकांच्या रांगा.

सोबत आतेभाऊ होता. आमचा दादा. सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून. मासळीबाजार आटोपत आलेला, पायाखाली बर्फाचं पाणी आणि खवले. रेवस आणि उरणजवळच्या मोऱ्याच्या लाँच इथूनच सुटतात आणि २०२० पासून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोटही. त्यामुळे अलिबागच्या बंगल्याकडे गाडीसकट निघालेली कुटुंबं एका रांगेत आणि गोणी-टोपल्या सांभाळत मोऱ्याला जाणारे दुसऱ्या. दादाने विचारलंच, "उरणला लोकल सुरू झाली तरी मोऱ्याला गर्दी?" तिकीट काढणारी मावशी म्हणाली, "लोकल उतरवते तिकडून घर लांब पडतं."

मग भंडारवाड्याची टेकडी. डॉकयार्ड रोड स्टेशनला अगदी लागून, तरी आजवर चढलो नव्हतो. इथे माझगावचा किल्ला होता. सिद्दी याकूतखानाने १६९० मध्ये तो उद्ध्वस्त केला. आता पालिकेचा जलाशय आहे आणि वर बाग. बागेला नाव लोकमान्यांचे सहकारी काका बाप्टिस्टा यांचं, ते माझगावचेच. वरून गोदी एकदम समोर येते: क्रेन, जहाजं, गोदामांची छपरं. दादा बराच वेळ बोलला नाही. आतोबांची नोकरी गोदीतली. त्यांच्या तोंडून १४ एप्रिल १९४४ चा स्फोट आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकलाय की पाहिल्यासारखाच वाटतो. 'फोर्ट स्टिकीन' बोटीत कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या! हे त्यांनीही ऐकीवच सांगितलेलं. स्वतःचं सांगायचे ते वेगळं: १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडे जाऊ लागले आणि पाळीवर बोलावली जाणारी माणसं कमी होत गेली.

उतरताना म्हातारपाखाडीतून आलो. लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची ख्रिस्ती घरं अजून आहेत, कोपऱ्यावर क्रूस आहे. आजूबाजूला टॉवर चढतायत आणि त्यांच्या फलकांवर 'सी व्ह्यू'. भिंतीमागचा समुद्र हवा असेल तर तिच्या डोक्यावरून बघायचा आणि त्याचे पैसे मोजायचे, असा हा हिशेब.

शिवडीला पोहोचलो तेव्हा ओहोटी लागलेली. फ्लेमिंगो दिसले, पण पार लांब, चिखलाच्या कडेला. दुर्बीण नसेल तर फार अपेक्षा ठेवू नये. जवळून दिसतो तो अटल सेतू. २१.८ किलोमीटर, जानेवारी २०२४ पासून सुरू. दुचाकीला बंदी असल्यामुळे दादाच्या स्कूटरला त्यावरून पलीकडे जाणं नाही. पक्ष्यांना त्रास नको म्हणून या टप्प्यात पुलाला आवाज अडवणारे पत्रे लावलेत. ते योग्यच. पण पूर्व किनाऱ्यावर भिंत काही सुटत नाही.

बंदराची ही जमीन लोकांसाठी खुली करायच्या योजना कित्येक वर्षं ऐकतोय. फिरायला रस्ता, बाग, मरिना, क्रूझ टर्मिनल. मला ती भिंत पडायला हवी आहे. हे स्टेशनबाहेर चहा घेताना बोललो, तर दादा उसळला. "दारूखाना, कोळसा बंदर इथल्या वस्त्यांत जे राहतात त्यांना कुठे पाठवणार ते आधी सांग. माहुलला, रिफायनऱ्यांच्या धुरात?" मी म्हटलं, म्हणून काय समुद्र कायम कोंडून ठेवायचा? वडाळा येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं, आणि समोर बसलेल्या एका काकांनी दादाची बाजू घेतली.