आज रायटर म्हणून बसले होते
एका अंध ताईचा टीवायचा इतिहासाचा पेपर, ती सांगतेय नि मी लिहितेय. रायटर खालच्या वर्गातला लागतो म्हणून माझी वर्णी, मी एफवायची ना. तासाला 20 मिनिटं जादा, म्हणजे 3 तासांच्या पेपरला अख्खा 1 तास, हा नियमच आहे, मेहरबानी नाही, तरी सुपरवायझर सारखं येऊन "झालं का?" अरे राव! 2016 च्या कायद्याने सरकारी-अनुदानित कॉलेजात दिव्यांगांना 5 टक्के जागा आहेत, पण अॅडमिशननंतर काय? नोट्सचे धूसर फोटो पाठवतात तिला, टाइप केलेली फाईल दिली की स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आरामात वाचतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर तर फुकट मिळतो, तरी लायब्ररीच्या एकाही कॉम्प्युटरवर नाहीये. कुणाला रायटर व्हायचं असेल तर मेसेज करा, परीक्षेच्या दिवसांत लय शोधाशोध होते.