सफाईने दात हलतात का?

दात साफ करून घेतले की ते सैल होतात, त्यांच्यात फटी पडतात आणि एकदा सफाई केली की ती कायमचीच मागे लागते, ही समजूत आमच्या भागात इतकी खोलवर रुजलेली आहे की रुग्णाच्या दातांना हात लावण्याआधी मला बराच वेळ तिच्यावरच बोलावे लागते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. तिथे येणारे बहुतेक लोक दात हलू लागल्यावरच येतात, म्हणजे सफाईचा खरा उपयोग होण्याची वेळ बरीचशी निघून गेलेली असते. त्यामुळे हा विषय मला एकदा सविस्तर मांडावासा वाटतो.

दातांवर जिवाणूंचा एक चिकट, सहसा न दिसणारा थर सतत साचत असतो. रोजच्या ब्रशने तो निघतो. मात्र जिथे ब्रश पोहोचत नाही तिथे लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्या थरात उतरतात आणि काही दिवसांतच तो दगडासारखा घट्ट होऊ लागतो. हेच कीटण. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू ही त्याची हमखास ठिकाणे आहेत, कारण लाळग्रंथींची तोंडे त्यांच्या जवळच उघडतात. आरशात दात पांढरे दिसतात म्हणून निर्धास्त असणाऱ्याने खालच्या पुढच्या दातांच्या मागून एकदा जीभ फिरवून पाहावी. तिथे खडबडीत लागले तर कीटण असण्याची शक्यता मोठी आहे. एकदा घट्ट झालेले कीटण कोणत्याही पेस्टने, मिठाने किंवा कोळशाने निघत नाही. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर जिवाणू आणखी साचतात, हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते, आणि अनेकांच्या बाबतीत ही सूज हळूहळू खाली उतरून दाताला धरून ठेवणारे हाड झिजवू लागते. या सगळ्यात दुखत जवळजवळ काहीच नाही, आणि त्यामुळेच लोक फसतात. रक्त दिसले की पुष्कळ जण त्या जागी ब्रश लावणेच सोडून देतात. वास्तविक तिथेच तो मऊ हाताने, पण नीट फिरायला हवा.

आता फटींविषयी. भाजीबाजारात बसणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. अनेक वर्षांची मिश्री, आणि खालच्या पुढच्या दातांमागे कीटणाची एक सलग काळपट पट्टी. स्केलरच्या, म्हणजे सफाईच्या कंप पावणाऱ्या यंत्राच्या, टोकाने ती सुटून अखंड तुकड्यानेच बाहेर आली. मावशींनी चूळ भरली, जीभ फिरवली आणि घाबरून म्हणाल्या, “अवो मॅडम, दातात फटी पडल्या की! आता दात पडत्यात का काय?” मी तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्याच्या एका बाजूवर दातांच्या मागच्या भागाचे ठसे स्पष्ट उमटलेले होते. हिरडी आणि हाड कधीच खाली सरकले होते, त्यांनी मोकळी केलेली जागा कीटणाने भरून टाकली होती आणि सैल दात त्या कीटणाने एकमेकांना जखडले गेले होते. कीटण निघाल्यावर जी फट आणि जी हालचाल जाणवते ती आधीपासूनच तिथे असते. उलट सूज उतरली की किंचित हलणारे दात काही आठवड्यांत थोडे घट्ट झालेलेही मी पाहिले आहेत. गेलेले हाड मात्र नुसत्या सफाईने परत येत नाही.

स्केलरचे टोक दाताला कापत नाही. ते सेकंदाला हजारो वेळा कंप पावते आणि त्याने कीटण सुटते. दाताचे वरचे आवरण हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे आणि नीट वापरलेल्या स्केलरने ते झिजत नाही. सफाईनंतर काही दिवस गार पाण्याने दात शिवशिवतात, कारण मुळांचा झाकलेला भाग उघडा पडलेला असतो. बहुतेकांचे हे आपोआप कमी होते. सफाईने चहाचे किंवा तंबाखूचे डाग निघतात, पण दातांचा मूळ रंग बदलत नाही.

सफाईआधी दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेची खोली मोजली का, हे रुग्णाने जरूर विचारावे. बारीक खुणा असलेल्या सळईने ती मोजतात. साधारण ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याहून खोल आणि रक्त येत असेल तर वरवरची सफाई पुरत नाही. मुळांपर्यंतची खोल सफाई करावी लागते, ती बहुधा भूल देऊन आणि एकाहून अधिक वेळा बोलावून केली जाते.

दर सहा महिन्यांनी सफाई हा सर्वांना लागू पडणारा नियम नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात असे दिसले की दंतवैद्याकडे नियमित जाणाऱ्या आणि हिरड्यांचा गंभीर आजार नसलेल्या प्रौढांमध्ये ठरावीक मुदतीने केलेल्या सफाईमुळे दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या सुजेत फारसा फरक पडत नाही. हा निष्कर्ष रुग्णांना सांगितलाच पाहिजे असे माझे मत आहे. मात्र तो ज्यांची तपासणी होत असते त्यांच्याबद्दल आहे. मधुमेह असलेल्यांना, तंबाखू-मिश्री वापरणाऱ्यांना आणि हिरड्यांचा आजार होऊन गेलेल्यांना कदाचित तीन-चार महिन्यांनीच यावे लागेल. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते, असे हे दुहेरी नाते आहे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगावी, पण स्वतःहून बंद करू नये. हृदयाची कृत्रिम झडप किंवा पेसमेकर असेल तर तेही आधीच सांगावे. गरोदरपणात सफाई सुरक्षित आहे. त्या काळात हिरड्या जास्त सुजतात, त्यामुळे ती टाळण्याचे कारण नाही. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत ही सफाई खासगी दवाखान्यापेक्षा खूपच कमी शुल्कात होते. जाताना चालू औषधांची चिठ्ठी आणि मधुमेह असल्यास साखरेचा अलीकडचा रिपोर्ट बरोबर न्यावा.