पेटीवर बसताना

होळी झाली की आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात दुलया पेटीत जातात. दुलया पाच, पेटी तिनांची. आईचा उपाय ठरलेला: "बस रे झाकणावर." मी बसतो, ती कडी लावते. यंदा अकरावीतली लेक बघत होती. म्हणाली, "आजी, कापूस नाही दबत काही. मधली हवा बाहेर जातेय."

"जाऊ दे की. तिला कोण अडवतंय?"

संपीड्यता. हा शब्द उच्चारताना जीभच दबते. अर्थ मात्र साधा: दाब अमुक इतका वाढवला तर आकारमान किती टक्क्यांनी घटेल. लेकीने बिनसुईची १० मिलीची सिरिंज आणली. तोंडावर बोट, दट्ट्यावर अंगठा. हवा १० च्या खुणेवरून ५ वर आली. हिशेबाने त्याला पावणेदोन-एक किलोचा जोर पुरतो. अंगठा काढला, दट्ट्या परत वर. मग तिने पाणी भरलं. माझ्या अंगठ्याचं नख पांढरंफटक पडलं, पण दट्ट्या जागचा हलेना. पाणी एक टक्का दाबायला साधारण २२० वातावरणांचा (आपल्याभोवतीच्या हवेच्या २२० पट) दाब लागतो, म्हणजे त्या इवल्याशा दट्ट्यावर जवळपास ४०० किलो! मोरीतला नळ पटकन बंद केला की पाइप धाडकन का वाजतो, ते तेव्हा कळलं. पाणी दबून घेत नाही, मग धक्का पाइपानेच खायचा.

बोलताना आपण एवढा हिशेब कुठे ठेवतो? लग्नात दाबून जेवतो, साहेबापुढे दबून असतो. चौघांच्या सीटवर पाचवा चढतो आणि वर म्हणतो, "थोड़ा दब लो, भिया." माणूस म्हणजे बराचसा पाणीच. दबतो तो श्वास, आणि मधली जागा.

गंमत म्हणजे पंख्याच्या वाऱ्याचं गणित मांडताना इंजिनिअर हवेलाही न दबणारी धरतात. वेग आवाजाच्या वेगाच्या तीन दशांशांच्या आत असला की तिची घनता पाच टक्केही बदलत नाही. पळायला वाट मोकळी असली की हवा कशाला दबेल? बाजूने निघून जाते. आई पेटीपाशी वेगळं काय म्हणाली होती!

रात्री अडीचला कडी खाडकन सुटली. अंधारातूनच आईचा आवाज आला, "आली बघ परत."