एक पोरगं आणि सात टेबलं

एप्रिल आला की आमच्या शाळेत दोन कामं एकदमच सुरू होतात. चौथीची पोरं जाणार म्हणून त्यांचे दाखले लिहायचे आणि त्याच वेळी पहिलीला कोण येणार ते शोधत फिरायचं. शहरातल्या शाळांत ॲडमिशनला पालक रांग लावतात म्हणे, आमच्याकडं आम्हीच रांगेत असतो, अंगणवाडीच्या दारात.

शाळा कुठली ते आधी सांगते. पाटण तालुक्यातली डोंगरावरची वाडी, समोरच्या पठारावर पवनचक्क्या, खाली रस्त्याला एसटी दिवसातून दोनदा आणि तीही आली तर. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट ११. पहिलीत २, दुसरीत ३, तिसरीत २, चौथीत ४. शिक्षक दोघं, मी आणि सर, पण आम्ही दोघं एकाच वेळी शाळेत आहोत असे दिवस कमीच, एकाला कायम कुठलीतरी मीटिंग नाहीतर ट्रेनिंग नाहीतर मतदार यादी असते. तेव्हा अकरा पोरं, चार वर्ग, एक बाई. २०२३ ला समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या कमी पटाच्या शाळा एकाच शाळेत जोडायचा, विषय निघाला होता ना, तेव्हा पेपरात आकडा आलेला, २० पेक्षा कमी पटाच्या राज्यात १४,७८३ शाळा. त्यातली एक आमची. तेव्हापासून वाडीत कुणाचं लग्न ठरलं तरी सर हिशोब घालतात, की हे पोर पहिलीला कुठल्या साली येईल. चेष्टेत म्हणतात, पण पूर्ण चेष्टा नसते ती.

यंदा चार जाणार आणि येणार एकच. मुलगा, सहा वर्षांचा, बाप मुंबईला असतो, हा आई आणि आजीजवळ वाडीत. (नावं मी कुणाचीच लिहीत नाही, त्यांचे आईबाप मोबाईलवर सगळं वाचतात.)

तर 'पहिले पाऊल'चा मेळावा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शाळापूर्व तयारी म्हणून २०२२ पासून हे चालू आहे, पहिलीला येणारी पोरं आईबरोबर येतात आणि सात टेबलांवरून फिरतात. नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटचं टेबल आईसाठी. प्रत्येक टेबलावर काहीतरी करायला द्यायचं, विकास पत्रावर टिक करायची, फोटो काढून वर पाठवायचे. आता सात टेबलं मांडायला आमच्याकडं टेबलं दोन. मग बाकं जोडली, एक ठिकाणी पोषण आहाराच्या डब्यावर फळी टाकली. टेबलावर बसायला माणसं पण नाहीत, म्हणून चौथीची चार आणि तिसरीची दोन पोरं बसवली, अंगणवाडीच्या ताई नोंदणीला, मी आईच्या टेबलावर, सर फोटोला. पताका लावल्या, दाखलपात्र पोरासाठी म्हणून कागदाची टोपी केली. एक टोपी!

आणि ते पोरगं आलं. आईचा पदर धरून, मागं आजी, त्यामागं वाडीतली रिकामी होती तेवढी सगळी माणसं, कारण ढोल वाजवला होता ना आम्ही. पायाला रंग लावून कागदावर ठसा घेतला तर ते लगेच म्हणालं, दुसऱ्या पायाचा पण घ्या. घेतला. टेबल दोनवर रेषेवरून उड्या मारायच्या होत्या, तीनच, ह्यानं अकरा मारल्या, तिथं बसलेल्या आमच्या पोराला थांबवता येईना.

टेबल तीनवर चौथीतली पोरगी होती, आमची सगळ्यात शिस्तीची. तिथं पाला ठेवला होता, उंबर, बोर, करंज, निरगुडी, घाणेरी, चार-पाच प्रकारचा मिसळून. सारखी सारखी पानं वेगळी कर, एवढंच. ह्यानं दोनच ढीग केले. उंबर आणि बोर एकीकडं, बाकीचं दुसरीकडं. पोरगी म्हणाली, असं नाही रे, नीट बघ, हे आणि हे सारखं आहे का? तर म्हणतो, "ह्ये शेरडं खात्यात, ह्ये न्हाय खात." पोरगी विकास पत्र घेऊन माझ्याकडं आली, बाई टिक करू का नको? मी म्हटलं कर. तिला काही ते पटलेलं दिसलं नाही, टिक केली पण अगदी बारीक.

माझ्या टेबलावर त्याची आई बसली होती, तिला मी सांगत होते की घरी भांडी मोजायला सांगा, बाजारातून आणलेली भाजी वेगळी करायला लावा, बोलत राहा त्याच्याशी. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाई, शाळा ऱ्हाणार ना पण?" मी म्हटलं राहणार. ह्याच्याशिवाय काय म्हणणार.

परीक्षेचं वेळापत्रक यंदा, २०२५ ला, राज्यभर एकच होतं, ८ ते २५ एप्रिल, निकाल १ मेला. तिसरीपासून पुढं पॅटचे, म्हणजे राज्याच्या मूल्यांकन चाचणीचे, पेपर वरून छापून येतात, आमचे सहा पेपर, त्यांचं पाकीट, त्याची पोच, त्याचा अहवाल. पहिली-दुसरीचं आमचं आम्हीच, तोंडी, प्रात्यक्षिक आणि थोडं लेखी. यात्रा पण एप्रिलातच असते हे वेळापत्रक करणाऱ्यांना कोण सांगणार, प्रत्येक गावची वेगळी तारीख. आमच्या वाडीचा छबिना रात्री दोनला संपला आणि सकाळी गणिताचा पेपर. पाच मुंबईकर पाहुणे घरात झोपलेले आणि त्यांच्यातून उठून सहाच्या सहा पोरं आली होती, हे मी मुद्दाम लिहिते. चौथीतला एक जण, जो रात्रभर हलगी वाजवत होता, केसात गुलाल तसाच, तिसऱ्या प्रश्नावर डोकं टेकून झोपला. मी वीस मिनिटं झोपू दिलं. नियमात बसतं का माहीत नाही, उठल्यावर त्यानं उरलेला पेपर सोडवला आणि गुलालाचा ठसा असलेली उत्तरपत्रिका मी तशीच गठ्ठ्यात लावली.

ह्या सगळ्याच्या मधेच चावडी वाचन झालं. देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी पोरांनी गावासमोर वाचायचं. पुस्तकातलं पान आम्ही ठरवलं की पाठ करून येतात, म्हणून सर म्हणाले गावानं द्यायचं ते वाचायचं. कुणी लग्नपत्रिका दिली, कुणी औषधाचं खोकं. एका आजीनं लाईट बिल पुढं केलं. दुसरीतली पोरगी उभी राहिली, ही पोरगी दिसेल ते वाचते, दुकानात बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख मोठ्यानं वाचून तिनं दुकानदाराशी वाकडं घेतलंय. तिनं सुरू केलं, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. 'समायोजन'ला अडकली, परत मागं गेली, स-मा-यो-जन, आणि पार. टाळ्या वगैरे झाल्या पण आजी काही बसेना. "वहन आकार म्हंजी काय गं?" पोरीनं माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं. सर म्हणाले, वीज तारेतून घरापर्यंत आणायचं भाडं. आजी म्हणाली, "तारा आमच्या शेतातनं गेल्यात, मग भाडं आमीच द्यायचं व्हय?" पुढची पंधरा मिनिटं वाचन बाजूला आणि महावितरणवर चर्चा. अहवालात मी 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहिलं, खोटं काहीच नाही त्यात.

मग तांदूळ. वर्षाअखेरीला पोषण आहाराचा शिल्लक साठा रजिस्टरशी जुळवावा लागतो, हे काम मी दरवर्षी चौथीच्या पोरांकडून करून घेते, कारण दशांश अपूर्णांक आणि किलो-ग्रॅम शिकवायला याच्यापेक्षा भारी काही मिळालेलं नाही मला. एका पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, अकरा आले तर १ किलो १०० ग्रॅम, नऊ आले तर ९००, असं वर्षभर पोरंच फळ्यावर लिहितात. यंदा रजिस्टरला शिल्लक ४१ किलो ३०० ग्रॅम. दुकानातनं काटा आणला, गोणी चढवली, रिकाम्या गोणीचं वजन वजा केलं, भरलं ४० किलो ८५०. म्हणजे ४५० ग्रॅम कमी. परत मोजलं, तेवढंच. मी कपाळाला हात लावून बसले, आणि तो हलगीवाला गोणीचं कुरतडलेलं भोक बोटानं दाखवत म्हणाला, "बाई, उंदरानं साडेचार पोरांचं खाल्लं." ४५० भागिले १००, न विचारता, न लिहिता! पॅटच्या पेपरात ह्याच पोरानं भागाकाराचं उदाहरण कोरं सोडलंय. त्या पेपराचं मी काही करू शकत नाही, पण आकारिकच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदवहीत मी ते तारखेसकट लिहून ठेवलं. तिसरी-चौथीला आकारिकला ६० गुण असतात आणि संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला, ४०, त्या साठातच आमच्यासारख्यांना थोडी जागा मिळते.

नोंदींचा विषय निघालाच आहे तर, प्रगती पत्रकावर तीन रकाने असतात, विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. शिक्षकांच्या सगळ्या ग्रुपवर एप्रिलात ह्याच्या तयार पीडीएफ फिरतात, 'शालेय शिस्त आत्मसात करतो', 'दररोज शाळेत उपस्थित राहतो', 'उपक्रमात सहभाग घेतो', कॉपी करा नि चिकटवा. साठ पोरांच्या वर्गाला मी दोष देणार नाही, त्या बाईनं दुसरं करावं तरी काय. पण माझ्याकडं अकरा आहेत, मला त्यांच्या शेरडांची नावं माहितीयेत, मी 'शालेय शिस्त आत्मसात करतो' लिहायचं? म्हणून मी माझं लिहिलं. हलगीवाल्याला, आवड: हलगी वाजवणे, हलगी नसल्यास बाक. सुधारणा आवश्यक: पेपर चालू असताना बाक वाजवू नये. बिलवाल्या पोरीला, विशेष प्रगती: वीज बिल अडखळत पण पूर्ण वाचते. सुधारणा: दुकानात वाचताना आवाज कमी ठेवावा.

तपासायला साहेब आले होते, चांगला माणूस आहे, वाचताना दोनदा हसले आणि मग म्हणाले मॅडम, असं नसतं लिहायचं, भाषा जरा ऑफिसची करा. मी अकरातल्या तीन बदलल्या. बाकीच्या आठ बदलायला वेळ झाला नाही असं समजा.

१ मेला झेंडावंदन, मग निकाल, मग चौथीचा निरोप. निरोपाला पोरं शाळेला वस्तू देतात आणि ती वस्तू म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, महाराष्ट्रात कुठंही जा, हे बदलत नाही. दोन खोल्यांत आमच्याकडं आधीच पाच होती, हे सहावं. सर म्हणाले आता एक व्हरांड्यात लावू, म्हणजे उशिरा कोण येतंय ते आमचं आम्हालाच दिसेल. पोरांना सांगितलं होतं की भाषण नको, वर्षभरात काय शिकलात ते एक करून दाखवा. एकीनं सुईत दोरा ओवून बटण लावलं, एकानं पाढा म्हटला, हलगीवाल्यानं अर्थातच. शिस्तीची पोरगी म्हणाली मी टेबल मांडते. खरंच मांडलं, तेच टेबल तीन, पाला पण नवीन तोडून आणलेला, आणि त्या सहा वर्षांच्या पोराला पुढं बोलावलं, ते आलंच होतं आईबरोबर लाडू खायला. ह्या वेळी तिनं त्याला शिकवून घेतलं, पानाच्या शिरा बघ, कडा बघ, वास घे. त्यानं पाच ढीग केले. मग दोन ढीग उचलून बाजूला ठेवले आणि तिला सांगितलं, "पण ह्ये शेरडं खात्यात." ती म्हणाली, "म्हाईतीय."

जेवणाला मसालेभात, जिलेबी सरपंचांकडून. दाखले चार जणांच्या हातात दिले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, नाहीतर घरी जाईपर्यंत त्याचा पंखा होतो.

सामान आवरताना शिस्तीच्या पोरीनं येऊन विचारलं, बाई शाळा कधी उघडणार? म्हटलं १६ जूनला. मग म्हणाली, त्याला मी घेऊन येते, ते एकटं नाही यायचं, वाटेत शेरडांमागं जाईल. तिची पाचवी खालच्या गावात, चार किलोमीटरवर, आणि ती शाळा पण सोळालाच उघडते. मी बरं म्हटलं.