गोराईच्या वाटेवर युफोर्बियाचं गणगोत

बोरिवलीहून बसने गोराई जेट्टीला उतरले तेव्हा खाडीला ओहोटी होती. पलीकडे पॅगोडाचा सोनेरी घुमट उन्हात चकाकत होता. नाताळच्या आठवड्यात लोक गोराई गावात जातात ते दारोदारचे येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे आणि चांदण्या बघायला. मला त्यासोबत युफोर्बियाही बघायचे होते. जवळपास २००० जातींचा हा वनस्पतींचा वंश आहे.

पहिली जात होडीची वाट बघतानाच सापडली. फरशीच्या फटीत वाढलेली दुधी, वीतभरही उंच नसलेलं तण. देठ मोडला की पांढरा चीक येतो. पानांच्या बेचक्यातला तो बारीक हिरवट-लालसर गुच्छ भिंगाखाली धरला आणि मी तिथेच उकिडवी बसले. होडी सुटली तरी उठवेना.

कारण या वंशाची सगळी ओळख त्या गुच्छातल्या एकेका कणात आहे. आपण ज्याला एक फूल समजतो तो खरं तर पेल्यासारखा छोटा फुलोरा असतो. मधोमध एकच मादी फूल, म्हणजे नुसतं तीन कप्प्यांचं बीजकोश. त्याच्या भोवती नर फुलं, प्रत्येकात एकच पुंकेसर. ना पाकळ्या, ना निदलं. पेल्याच्या काठावर मधाच्या ग्रंथी. वनस्पतींचं वर्गीकरण करणाऱ्या लिनीयसने १७५३ मध्ये हे सगळं मिळून एक फूल धरलं आणि पुंकेसर मोजून त्याला बारा पुंकेसरांच्या वर्गात बसवलं. पण प्रत्येक पुंकेसराच्या दांडीवर एक सांधा दिसतो: सांध्याखाली फुलाचा देठ, वर केसराचा तंतू. म्हणजे प्रत्येक केसर हे स्वतंत्र फूल. एवढ्याशा सांध्यावरून केवढा उलगडा झाला!

गावात शिरल्यावर एका वाडीला शेराचं जुनं कुंपण दिसलं. पेन्सिलीएवढ्या जाड हिरव्या कांड्या, पानं जवळपास नाहीतच. अन्न तयार करायचं काम खोडच करतं. पुढच्या घराच्या पायऱ्यांवर कुंडीत काटेरी खोडाची, लाल फुलांची मादागास्करची जात होती. नर्सरीवाले ‘युफोर्बिया’ म्हणून विकतात ती हीच. तिचा लाल रंग पाकळ्यांचा नव्हे, पेल्याखालच्या दोन छदांचा, म्हणजे फुलोऱ्याखालच्या पानांचा. आणि गोठ्याशेजारी नाताळचा मानाचा पॉइन्सेटिया, मूळ मेक्सिकोचा. त्याचीही लाल ‘फुलं’ म्हणजे पानंच. खरे पेले मधोमध पिवळसर, प्रत्येकाला मधाने भरलेली एक ठसठशीत ग्रंथी. मुंग्यांना ती बरोबर ठाऊक होती.

आता यातलं कोण कोणाच्या जवळचं? नुसतं बघून कुणीही म्हणेल की शेर आणि कुंडीतली काटेरी जात एकीकडे, दुधी दुसरीकडे आणि पॉइन्सेटिया तिसरीकडे. एकोणिसाव्या शतकातल्या वनस्पतितज्ज्ञांनी दुधीसारख्यांसाठी १८२१ मध्ये कॅमेसायसी आणि पॉइन्सेटियासाठी १८३६ मध्ये पॉइन्सेटिया असे वेगळे वंशही काढले होते. अलीकडे डीएनए तपासल्यावर दोन्ही पुन्हा युफोर्बियात आले. वंशाचे चार उपवंश पडले. त्यात शेर आणि मादागास्करची काटेरी जात एका उपवंशात, तर जेट्टीवरची दुधी आणि गोठ्याशेजारचा पॉइन्सेटिया दुसऱ्या! मांसल खोड या वंशात अनेकदा, स्वतंत्रपणे तयार झालं आहे. त्यामुळे खोडाच्या जाडीवरून नातं ठरवता येत नाही. मला ही एकत्र मांडणी मनापासून पटते. तो पेला चौघांतही आहे, मग घरं वेगळी कशाला?

फड्या निवडुंग मात्र यात मोजू नका. तो खरा कॅक्टस, अमेरिकेतून आलेला. त्याच्यात असा दुधाळ चीक नाही, आणि फूल खरंखुरं, भरपूर पाकळ्यांचं.

शेराची फांदी वाकवून फुलं शोधत होते तेव्हा ओट्यावरून एक आजी ओरडल्या, “बाय, सांभाळ! दूध डोळ्यात गेलं तर दिसायचं बंद होईल.” खरंच आहे. हा चीक डोळ्याला फार वाईट. फुलं तर मिळाली नाहीत, पण आजींनी लागवड सांगितली. फांदी तोडली की लगेच मातीत खोचायची नाही. चीक थांबून कापलेलं टोक सुकेपर्यंत सावलीत ठेवायची, मगच लावायची. ओली लावली तर कुजते. त्यांच्या सासूबाईंनी ते अख्खं कुंपण असंच उभं केलं होतं. शेजारच्या वाडीला मात्र आता सिमेंटची भिंत आहे.