माळ्यावरची ठासणीची बंदूक आणि अकरा महिन्यांचा दाखला

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना माळ्यावरून घोंगडीत गुंडाळलेली आजोबांची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक खाली आली. लहानपणी दसऱ्याला ती पाटावर पुजलेली पाहिली होती. आजोबा गेल्यावर तिचं कुणी नावही काढलं नव्हतं. मेहुणे म्हणाले, "शंभर वर्षांपुढची वस्तू, तिला कसला परवाना?" मलाही तसंच वाटत होतं.

वकील मित्राने पहिल्याच फोनवर 1959 च्या शस्त्र अधिनियमातलं कलम 45 समजावलं. पुरातन, कालबाह्य किंवा मोडकं हत्यार कायद्यातून सुटतं, पण दुरुस्त करूनही ते चालणार नसेल तरच. नुसत्या वयावर काही ठरत नाही. "आणि टॅक्सीत घालून पोलीस ठाण्यात नेऊ नकोस, आधी लेखी कळव," असं त्याने बजावलं.

पंचनाम्याला पोलिसांसोबत एक वयस्कर परवानाधारक शस्त्रविक्रेते आले होते. त्यांनी गज नळीत तळापर्यंत सोडला, तोंडापाशी अंगठ्याने धरून बाहेर काढला आणि नळीला समांतर लावून पाहिला. टोक घोड्यापर्यंत पोचायला हवं होतं, ते चार बोटं अलीकडेच राहिलं. आत बार भरलेला होता! काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते, हे मला त्या दिवशी कळलं. आमची मुलं त्याच माळ्याखाली झोपत आली होती. तो बार पुढे ओला करून काढला, तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्याआधी बायको गंज काढायला पॉलिश पेपर घेऊन बसली होती. विक्रेत्यांनी तो बाजूला ठेवायला लावला आणि घोड्याखालच्या पट्टीवर तेलाचं बोट फिरवलं. मागच्या पायांवर उभा सिंह, पुढच्या पंजांत मुकुट. ईस्ट इंडिया कंपनीचा शिक्का. 1808 च्या सुमारापर्यंत कंपनी हृदयाच्या आकाराचा ठसा मारायची, सिंह त्यानंतरचा. घासला असता तर बंदुकीची ओळखच पुसली गेली असती.

पुढे, बंदूक चालण्याजोगी नाही या दाखल्यासाठी कागद. पोलीस आयुक्तांच्या नावे अर्ज, आजोबांचा 1878 च्या कायद्याखालचा जीर्ण परवाना, चौघा भावंडांचं मुद्रांकावरचं संमतिपत्र, सगळ्या बाजूंचे फोटो. एका कार्यालयात फाइल तीन महिने सापडत नव्हती. माझ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का होता म्हणून शोध तरी सुरू झाला. प्रत्येक कागदाची पोच घ्याच.

मधल्या काळात एकाने सुचवलं, नळीला भोक पाडून टाक, काम सोपं होईल. मला ते पटलं नाही. वस्तू ताब्यात असताना तिच्यात फेरफार करून मग प्रमाणपत्र मागायचं, हे लबाडीचं वाटलं.

तपासणी कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झाली. नळीला बुडाशी लांबट चीर होती, दुरुस्तीपलीकडची. अहवालात तसं आलं, दाखला मिळाला आणि अकराव्या महिन्यात बंदूक घरी परतली.

लंडनचा चुलतभाऊ ती मागत होता. त्याला स्पष्ट सांगितलं, 1972 च्या पुरावशेष कायद्याने खाजगी माणसाला अशी वस्तू परदेशी पाठवता येत नाही.

यंदा दसऱ्याला ती पुन्हा पाटावर आली. दाखल्याची प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे आणि मूळ कागद कुठे ठेवलाय ते मुलीला दाखवून ठेवलंय.